घंटेतली लोकर

३ नोव्हेंबर १९३४, शनिवार. आगगाडीत

ही वही एका शब्दासाठी घेतली होती. कॉलेजात भाषा शिकवणारे सर म्हणाले, ख्रिसमसला घरी जाशील तेव्हा तुझा तो लाडका 'डाउन' कोणाच्या तोंडून, कुठे, कसा आला ते रोजच्या रोज टिपत जा. आठवणीवर विसंबू नकोस, तू रंगवून सांगतेस.

ख्रिसमसला अजून वेळ आहे आणि मी निघालेय. सकाळी वसतिगृहात आईची तार आली. "बाबा डाउन नाहीत. ये."

पोस्टातल्या माणसाला यातून काय कळलं असेल कोण जाणे. मला कळलं. आमच्याकडे मेंढरांमागे गेलेला माणूस डोंगरावरून घरी आला की तो 'डाउन' झाला. बाबा काल वर गेले असणार, धुकं आलं असणार, आणि ते अजून वरच आहेत.

पहिली नोंद म्हणून ही लिहिली. लिहिताना लाज वाटली. तरी लिहिली. मी अशीच आहे.

४ नोव्हेंबर

धुकं. फाटकाच्या पलीकडचं काही दिसत नाही. डोंगर डोक्यावर आहे हे फक्त माहीत आहे म्हणून आहे.

आई फाटकात उभी, हातात घंटा. बाबा चुकले तेव्हापासून वाजवतेय. केझाया आत्या, बाबांची थोरली बहीण, मध्ये मध्ये तिच्याकडून घेते, तेवढ्यात आई चार घास खाते. आईची बोटं इतकी सुजलीत की अंगठी दिसत नाही. मी मिठाचं गरम पाणी करून तिचे हात त्यात धरून ठेवले. तिला ते माझ्या लहानपणापासून माझ्याच हातचं लागतं. आत्या किंवा बाबा पाणी फार कढत करतात म्हणे.

आत्यानं मला बघितल्याबरोबर सुरू केलं. "आलीस? गाल बरे वर आलेत. लंडनचं अन्न मानवलं म्हणायचं."

"आत्या, बाबांचं काय?"

"काय म्हणजे? गडीमाणसं जाऊन आली. मेंढरं तळ्यापाशी उभी आहेत, एक कमी नाही. कुत्रं आपलं आपण खाली आलं. रूबेन तेवढा नाही. ही धर, माझा खांदा गेला."

आणि घंटा माझ्या हातात दिली.

सरांसाठी खुलासा: इथला प्रत्येक मेंढपाळ जोडीच्या घंटा करून घेतो, एका आवाजाच्या. एक पुढच्या मेंढ्याच्या गळ्यात, दुसरी घरी खिळ्याला. धुकं आलं की घरचं माणूस फाटकात उभं राहून घरची घंटा वाजवतं आणि वरचा माणूस त्या रोखानं उतरत येतो. तो येईपर्यंत वाजवायची. थांबवली तर त्याला डोंगराला देऊन टाकला असं धरतात. आणि तो आला की फाटकाच्या खांबावर ठेवलेला लोकरीचा पुंजका घेऊन घंटेच्या तोंडात कोंबायचा, म्हणजे ती मुकी होते.

मला एवढंच माहीत होतं. आत्यानं आज बाकीचं सांगितलं. "मनात फक्त रूबेन ठेव, तुझं पुस्तक नको. आणि तो आला की लोकर त्याच्या हातात द्यायची. त्यानंच कोंबायची. आपण नाही. बाकी सगळं चुकलं तरी चालेल."

"त्यानंच का?"

"बघायला नको, कोण आलंय ते?"

मी खूप वेळ वाजवली. खरं लिहायचं तर मनात दर वेळी बाबा नव्हते. दोनतीनदा शब्दच होता.

५ नोव्हेंबर

धुकं तसंच. दर वर्षी पाच नोव्हेंबरला गावात पेटवतात ती शेकोटी रद्द केली. पोरांनी जाळायला केलेला गवताचा माणूस कुंपणाला टेकून भिजतोय.

आईनं मला पिवळा मफलर गुंडाळला. मागच्या हिवाळ्यात तिनंच विणलेला, असला भडक की बाबा म्हणायचे, मास्तरीणबाई, हा घालून वर आलात तर मेंढरं सूर्य उगवला म्हणून उठतील. बाबा मला शिष्यवृत्ती मिळाल्यापासून मास्तरीणबाईच म्हणतात.

माझी पाळी नाही तेवढ्यात शब्दाचं लिहून घेते. रिकामी बसले तर डोकं फिरेल.

लंडनच्या मुली मला हसतात. तुमच्याकडे डोंगरालाच 'डाउन' म्हणतात ना, म्हणजे वर चढायचं आणि त्याचं नाव खाली? मलाही लहानपणी तो खुळेपणाच वाटायचा. मग सरांनी उलगडून दाखवलं. आधी डोंगर. हजार वर्षांपूर्वी डोंगराला नुसतं 'डून' म्हणायचे. डोंगरावरून घरी आलेला माणूस म्हणायचा 'ऑव्ह डूने', डोंगरावरून. दमलेली माणसं. रोज तेच म्हणायचं. 'ऑव्ह' झिजला, त्याचा नुसता 'अ' राहिला, 'अडूने'. मग तोही गेला. राहिला काय, तर डोंगर. आज जगात कुठेही कोणी जिना उतरतं, दोरीनं बादली सोडतं, नाव टिपून घेतं, आणि त्यासाठी जो शब्द बोलतं तो शब्द म्हणजे आमचा डोंगर.

निबंधात मी लिहिलं होतं, "डोंगरावरून ये म्हणता म्हणता लोक डोंगर ये म्हणायला लागले, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही." सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं: कविता नको.

आई हाक मारतेय. पाळी आली.

६ नोव्हेंबर

बाबा आले!

दुपारी. मी चुलीपाशी होते, आई फाटकात. घंटेचा ठेका बदलला म्हणून मी बाहेर धावले. धुकं वाटेवरून दुभंगल्यासारखं झालेलं आणि बाबा उतरत होते. सावकाश. पाय टाकायचा, थांबायचं, दुसरा टाकायचा. फाटकाशी येऊन उभे राहिले. आईनं एका हातानं घंटा वाजवत दुसऱ्या हातानं त्यांच्या कोटाला धरलं.  मी लोकर उचलून बाबांपुढे धरली. त्यांनी लोकरीकडे बघितलं. हात खालीच. थंडीनं बोटं वळत नसतील. आईनं झटकन माझ्या हातातली लोकर घेतली, घंटेत कोंबली आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकलं.

इतकं शांत झालं. कान दुखले.

आत्या तेव्हा नव्हती. तिच्या घरी झोपली होती बिचारी.

७ नोव्हेंबर

आत्या सकाळीच आली. बाबांकडे बघितलंही नाही आधी. खिळ्यावरची घंटा बघितली.

"लोकर कोणी घातली?"

आई म्हणाली, "त्यानंच."

 आई खोटं बोलली यापेक्षा ती इतकं सहज बोलली याचं नवल वाटलं. एवढ्याशा गोष्टीवरून आत्यानं घर डोक्यावर घेतलं असतं, ते टाळलं, झालं.

मग आत्या बाबांसमोर जाऊन बसली. "काय रे रूबेन. कुठे होतास?"

"वर."

"ते दिसतंय. वर काय करत होतास?"

"आलो की खाली."

"बोलायला पैसे पडतात काय तुला?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. एरवी या वाक्यावर त्यांनी तिच्या मेलेल्या नवऱ्यापासून थट्टा सुरू केली असती. आत्या उठली, त्यांच्या टोपीवरून हात फिरवला, हाताकडे बघितलं आणि गेली. टोपी कोरडी आहे. मला कालच दिसलं होतं. धुक्यात इतका वेळ राहून कोरडी कशी, तर मेंढपाळांना आडोसे माहीत असतात.

मॉस, बाबांचा कुत्रा, घरात येत नाही. गाडीखाली बसून राहतो. त्याला बाबांना वर सोडून आल्याची लाज वाटत असेल.

९ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. नाडी फार सावकाश आहे म्हणाले, थंडी बसल्यावर होतं तसं. खायला घाला. आई घालतेच आहे. मटण, चरबीचं पुडिंग, परत मटण. बाबा समोर ठेवलेलं सगळं खातात. चहा कढत असतानाच पितात. पूर्वी बशीत ओतून अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा फुंकायचे, आई चिडायची.

आज त्यांची खुर्ची मोडली. बसले आणि मागचे दोन्ही पाय फाकले. आई म्हणाली, बघ कसे अंग धरताहेत. खरंच धरताहेत. पलंगाची एक पट्टीही गेलीय आणि अंगणात त्यांची पावलं अशी खोल उमटतात की त्यात पाणी साचून राहतं.

अंथरूण झटकताना गोगलगायींचे पांढरे शंख निघाले, ओंजळभर. आणि गवताचं बी. खिशात भरून आणलं असणार.

१० नोव्हेंबर

हे लगेच लिहून ठेवते. 

वहीचं काम राहिलंच होतं म्हणून सहज बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही वरून आलात. कुठून आलात? एका शब्दात सांगा."

ते म्हणाले, "अडूने."

मी म्हटलं, काय? परत म्हणा.

"अडूने."

बाबांनी शाळा सोडली तेव्हा त्यांना स्वतःचं नाव जेमतेम लिहिता येत होतं. हा शब्द इंग्लंडात गेल्या कित्येक शतकांत कोणी बोललं असेल असं नाही. आणि उच्चार! आम्ही वर्गात करतो तसला ओढूनताणून नाही. मीठ दे म्हणावं तसा.

सर वेडे होतील. म्हणजे एवढ्याशा कोपऱ्यात, मेंढपाळांच्या बोलण्यात तो जिवंत राहिला आणि आम्हाला माहीत नाही. माझ्याच घरात. आयुष्यभर माझ्यासमोर ते हे का बोलले नाहीत?

११ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये महायुद्धाच्या लढाईत गेलेल्यांसाठी सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहिले. बाबा त्यानंतरही तसेच गप्प उभे राहिले. पाद्रीबुवांनी प्रवचन उरकलं तरी उभे. गावकऱ्यांना वाटलं, त्यांचा धाकटा भाऊ त्या लढाईत गेला म्हणून. बायका डोळे पुसत होत्या. मी बघितलं, त्यांचं तोंड वेदीकडे नव्हतं. डाव्या भिंतीकडे होतं. त्या भिंतीपलीकडे डोंगर आहे.

घरी आल्यावर परत विचारलं. आज म्हणाले, "ऑव्ह डूने." कालच्यापेक्षा जुना. दोनतीन शतकं मागचा. आणि परत विचारल्यावर नुसतं, "डून."

सरांना पत्र टाकलं.

१२ नोव्हेंबर

आई आणि आत्या गोठ्यामागे भांडत होत्या. मी सरपणाला गेले होते, मुद्दाम ऐकलं नाही. थोडं मुद्दाम ऐकलं.

आत्या: "मर्सी, तू मला फसव, स्वतःला नको. लोकर कोणी घातली?"

आई: "मी."

"मग?"

"मग काय? आलाय ना तो? जेवतो ना? माझ्यासमोर बसतो ना संध्याकाळी?"

"माझा भाऊ वर बसलाय, मर्सी. घंटा ऐकत. तू तोंड बंद केलंस तिचं."

 मग आई म्हणाली, अगदी हळू, "लग्न झाल्यापासून मी त्याला डोंगराबरोबर वाटून घेतलाय. थंडीत तिकडे, कोकरं व्हायची वेळ आली की तिकडे, ही पोर झाली तेव्हाही तिकडेच. आता हा घरी असतो, केझाया. पूर्ण घरी. तुला काय करायचंय?"

"लोकर काढ. परत वाजव."

"नाही."

"काढ म्हणते."

"आणि मग हा गेला तर? आणि तोही आला नाही तर?"

आत्या म्हणाली, "तुझं डोकं बिघडलंय." आणि गेली.

म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात काय काय बसतं. बाबा वर आणि बाबा खाली, दोन बाबा! एवढ्याशा सोपस्कारात कमी राहिलं म्हणून सख्ख्या भावाला परका म्हणायचं. आईचं वागणंही मला पटत नाही, पण निदान ती वेडंवाकडं बोलत नाही. तिला घरात माणूस हवं, एवढंच.

१४ नोव्हेंबर

आज शब्द नाही. विचारलं की नुसता आवाज काढतात, मिटल्या तोंडानं, खालच्या पट्टीत. टेबलावरच्या बशा हलतात.

१६ नोव्हेंबर

दोन गोष्टी.

एक. मेंढरं. बाबा अजून वर गेलेले नाहीत, शेजारचा थॉमस ब्लॅन बघतो. आज तो धापा टाकत आला. "अहो काकू, काय करू सांगा, कळपच उतरून आलाय." खरंच, सगळी मेंढरं आमच्या कुंपणाला येऊन उभी होती. बाबा अंगणात गेले तशी ती आत घुसली आणि त्यांच्याभोवती गोळा होऊन खाली माना घालून चरायला लागली. आमच्या अंगणात गवत नाही. चिखल आहे. तरी चरत होती, त्यांच्या बुटांपाशी. थॉमस म्हणाला, "रूबेनकाका, तुम्हाला चरताहेत जणू." आणि हसला. मग त्याचं हसू गेलं.

दोन. बाबांची मेंढपाळाची काठी, टोकाला आकडा असलेली. ती काठी आजोबांची. बाबा तिच्याशिवाय संडासालाही जात नाहीत असं आई थट्टेनं म्हणायची. आल्यापासून त्यांच्या हातात ती नाही आणि मला आज, आत्ता, लक्षात येतंय. विचारलं, काठी कुठे?

हात वर केला. डोंगराकडे.

काठी मिळाली तर बाबा परत बाबांसारखे होतील असं मला का वाटतं, माहीत नाही. पण वाटतं. हात रिकामा असला की माणूस हरवल्यासारखा वागतो. उद्या ऊन पडलं तर जाऊन आणते. आईला आत्ता सांगत नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

डोंगरावर लिहितेय, म्हणून अक्षर असं.

सकाळी स्वच्छ ऊन होतं. आत्या फाटकात भेटली. "कुठे?" म्हटलं, काठी आणायला. तिनं माझा दंड धरला. "एव्हिस, नको जाऊस." मी म्हटलं, तासाभराचं काम. तिनं हात सोडला नाही, मीच सोडवून घेतला. म्हातारीच्या बोटांत जोर फार. मागून ओरडली, "धुकं आलं तर बसून राहू नकोस. लगेच उतर. कितीही बरं वाटलं तरी बसू नकोस."

कितीही बरं वाटलं तरी. हे काय बोलणं झालं.

चढताना खूप दिवसांनी मोकळं वाटलं. खडूच्या मातीची पांढरी वाट, वाऱ्यानं दबलेलं गवत. अर्ध्यावर वळून बघितलं तर घरातून धूर, आई कपडे वाळत घालतेय, बाबा अंगणात उभे. तोंड माझ्याकडे.

तळ्याच्या वर जुन्या लोकांच्या थडग्यांचे उंचवटे आहेत, त्यांच्यामागे काठी सापडली. गवतात रोवलेली, सरळ. आणि तिच्या बाजूला एक खळगा. हा खळगा पूर्वी नव्हता. या जागी मी लहानपणी गडगडत लोळलेय, मला इथली प्रत्येक गाठ माहीत आहे. माणूस बसेल एवढा, पाठीला टेकण मिळेल असा. कोणीतरी खणलाय म्हणावं तर माती कुठे टाकलेली दिसत नाही. आतपर्यंत गवत उगवलेलं. डोंगराचा तेवढा तुकडा उठून कुठेतरी गेला असावा तसा.

खळग्यात वारा लागत नाही. धुकं येतंय. फार नाही. दम खाऊन निघते.

नंतर

धुकं दाट झालं. घाई करण्यात अर्थ नाही, खडूची वाट ओली झाली की पाय घसरतो. मफलर कुठेतरी राहिला, येताना काटेरी झुडपाला अडकला बहुतेक. पण थंडी वाजत नाही.

बाबा इथे आहेत.

हे मी घाबरून लिहायला हवं, माहीत आहे. पण तसं काही वाटत नाहीय. मी खळग्यात बसले, पाठ टेकली आणि बाजूला बघितलं तर ते पाइप भरत होते. टोपी भिजून चिंब, मिशांवर थेंब.

म्हणाले, "या मास्तरीणबाई. जागा आहे भरपूर."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर घरी आहात."

"असेन. कोण नाही म्हणतंय." पाइप पेटवला. "आई बरी आहे?"

"बरी आहे. तुम्हाला मटण घालतेय."

"घालू दे. इतकी वर्षं बिचारी थंड जेवली माझी वाट बघत." मग म्हणाले, "घंटा बंद का झाली गं? मी निघालोच होतो. काठी घेऊन उभा राहिलो आणि बंद झाली. म्हटलं, आलं वाटतं कोणी. मग मी परत बसलो."

 उत्तर माहीत होतं, पण ते तोंडापर्यंत आणायचा कंटाळा आला. इथे असंच होतं. शब्दाबद्दल विचारायचं ठरवलं होतं तेही राहिलं. बाबांना विचारलं, आपण उतरू या का. ते म्हणाले, उतरू की. वाजली की उतरू.

नंतर

वाजतेय.

आमचीच. आवाज ओळखू येतो, थोडी चिरकलेली. म्हणजे आईनं लोकर काढली. आत्याच्या मनासारखं झालं शेवटी.

मी बाबांना म्हटलं, ऐका, तुम्हाला बोलावतेय. ते कान देऊन ऐकत राहिले आणि मान हलवली. "माझा ठेका नाही हा. मला बोलावताना ती इतकी घाई करत नाही." परत ऐकलं. "घाबरलीय. कोणाला बोलावतेय कोण जाणे."

कोणाचं तरी माणूस चुकलं असणार. थॉमसच असेल. जीव तुटतो ऐकून. मी म्हटलं, जाऊन बघू का? बाबा म्हणाले, "बस गं. जाईल कोणीतरी."

इथून घंटा फार छान ऐकू येते. तिथे फाटकात उभं राहून वाजवताना कळत नाही.

नंतर

किती वेळ झाला सांगता येत नाही. ती वाजवतेच आहे. इथल्या मातीला पाठ लावली की आवाज पाठीतून येतो.

मगाशी अंगाखालून काहीतरी उठल्यासारखं वाटलं. माझ्या बाजूला आणखी एक खळगा आहे. गवत ताजं आहे त्यातलं. बाबा म्हणाले, गेलं बघ.

नंतर

धुकं विरलं. दोन्ही घरं दिसतात, आत्याचं आणि त्यांचं. इथून सगळं किती खाली.

बाई फाटकात उभी आहे, मर्सी. वाजवतेय. तिच्याजवळ तिचा नवरा उभा, हलत नाही. केझाया आहे कुंपणाला धरून. आणि वाटेवरून एक मुलगी उतरतेय. सावकाश. पाय टाकते, थांबते, दुसरा टाकते. पिवळा मफलर आहे गळ्यात, इथूनसुद्धा डोळ्यात भरतो. चालण्याची ढब ओळखीची वाटते, नाव आठवत नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, गावातलीच असेल कोणी.

पोचली फाटकाशी. केझायानं खांबावरून काहीतरी उचललं आणि त्या मुलीपुढे धरलं. लोकर. धरूनच राहिली. मुलीचे हात खालीच. केझाया मर्सीकडे वळून काहीतरी बोलतेय, हातवारे करतेय, मग तिनं घंटाच धरली. ओढाताण. घंटा वाजते आहे, वेडीवाकडी.

मर्सी त्या मुलीकडे बघतेय. खूप वेळ बघतेय.

घेतली लोकर. मर्सीनं घेतली, केझायाच्या हातातून.

केझाया पाठ फिरवून चालली. तिच्या घराचं दार लागलं. इथपर्यंत ऐकू आलं.

थांबली घंटा.

बरं झालं. सापडलं ज्याचं त्याला. ती तिघं आत गेली. बाबा म्हणाले, आता शांत झोप लागेल, टेक.

एवढ्या वेळ वाजवून तिचे हात सुजले असणार. त्या मुलीनं मिठाचं गरम पाणी करून द्यायला हवं, फार कढत नाही. तिला माहीत असेल का, कळत नाही.